लोणेरे : नाव बाबासाहेबांचे, आणि उद्दिष्ट?

मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव सोडून महाडकडे निघाले की लोणेरे लागते. दरवर्षी 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला चवदार तळ्याकडे जाणाऱ्या आपल्या गाड्या या फाट्यावरून पुढे जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची कमान दिसली की गाडीत 'जय भीम'चा आवाज होतो. मग गाडी पुढे जाते. आत काय शिकवतात, कोण शिकते, ही संस्था कशासाठी उभी राहिली, हे आम्ही स्वतः कित्येक वर्षे विचारले नव्हते.

लोणेऱ्याच्या विद्यापीठाचा कायदा 1989 चा आहे. हे साल नीट लक्षात ठेवा. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. त्या ठरावाची अंमलबजावणी व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले आणि तीही नामविस्ताराच्या तडजोडीने. या सोळा वर्षांच्या मधोमध, 1989 मध्ये, त्याच राज्याने कोकणात तेच नाव एका नव्या विद्यापीठाला दिले आणि कुणाचे घर जळले नाही. आमचे मत असे, की असलेल्या सत्तेच्या जागेवर नाव लागले तर मालकी बदलते, म्हणून आग लागते. माळरानावर उभ्या राहणाऱ्या नव्या संस्थेवर लागले तर कुणाचे काही जात नाही. राज्यकर्त्यांना हा हिशेब कळत नव्हता असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही.

पण नाव सोयीने दिले म्हणून ते विसंगत ठरत नाही. बाबासाहेब म्हटले की कायदा, राज्यघटना, अर्थशास्त्र एवढेच आपल्याला आठवते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज, पाटबंधारे, दामोदर खोऱ्याची योजना ही कामे त्यांच्या खात्याकडे होती. ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे जे निवेदन दिले, त्यात शिक्षणाचा भाग आवर्जून वाचावा. नुसते कला किंवा कायद्याचे शिक्षण घेऊन आपल्या समाजाचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते सरकारी मदतीशिवाय परवडणारे नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी असेही मागितले. 1944 पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली पोरे ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तिचे मूळ तिथे आहे.

हा आग्रह का होता ते कळायला या देशातल्या अभियांत्रिकी शिक्षणाचा जन्म पाहावा लागतो. रुरकीचे कॉलेज 1847 मध्ये निघाले, गंगेच्या कालव्याला माणसे हवी होती म्हणून. पुण्याचे 1854 मध्ये निघाले, सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. दगड घडवणारा पाथरवट, लोखंड ठोकणारा लोहार, चामडे कमावणारा चांभार, हे सगळे तंत्रज्ञच होते. पण कॉलेजात त्यांचे ज्ञान आले नाही आणि त्यांची पोरेही आली नाहीत. आले ते लिहिता-वाचता येणारे वर्ग. अजंठा सुब्रमण्यन यांनी मद्रास आयआयटीवरच्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले आहे, की हाताचे काम म्हणून हलके समजले गेलेले क्षेत्र हळूहळू उच्चवर्णीयांची 'गुणवत्ता' कशी बनले.

लोणेरे ज्या मातीत आहे तिथला शिक्षणाचा इतिहास तर आणखी बोलका आहे. लोणेरे ते महाड वीसेक किलोमीटर. मधे दासगाव लागते. तिथले रामचंद्र बाबाजी मोरे, 1927 च्या महाड परिषदेचे एक प्रमुख संघटक. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने दार बंद केले होते. तक्रार केल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायला वेगळी जागा. त्याच रस्त्यावर आता अभियांत्रिकीचे विद्यापीठ आहे. ही गोष्ट लहान नाही.

सुरुवातीला हे विद्यापीठ एकाच आवाराचे होते. स्वतःचेच अभियांत्रिकी महाविद्यालय, स्वतःच्याच शाखा, स्वतःच्या परीक्षा. काळ पाहा. 1983 पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना मोकळीक मिळालेली, देणगीचा बाजार तेजीत. अशा वेळी ग्रामीण कोकणात सरकारी खर्चाने तंत्रशिक्षण उभे करणे हा उलट्या दिशेचा निर्णय होता. जवळच थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोहा-महाडच्या रासायनिक वसाहती. म्हणून रसायन आणि पेट्रोरसायन अभियांत्रिकीला इथे अर्थ होता. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत या शाखा होत्याच, आणि मग संगणक आणि माहिती तंत्रज्ञान यांची ओढ लागली, तशी ती सगळीकडेच लागली.

इथे एक बाजूची पण महत्त्वाची गोष्ट. आयआयटीत अनुसूचित जातींसाठी आरक्षण 1973 मध्ये आले. पण 1956 नंतर ज्यांनी स्वतःला बौद्ध म्हणवले, त्यांना केंद्राच्या यादीत जागाच नव्हती. ती 1990 मध्ये मिळाली. महाराष्ट्र राज्याने मात्र नवबौद्धांना 1960 पासून सवलती दिल्या होत्या. म्हणजे धम्म लपवला नाही अशा घरातल्या मुलाला पवईचे दार सतरा वर्षे बंद आणि राज्याच्या कॉलेजचे उघडे. राज्याच्या संस्था आपल्यासाठी 'दुय्यम पर्याय' होत्या असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता संगणकाकडे येऊ, कारण खरी खोच तिथे आहे. आधीच्या पिढीतला आपला इंजिनिअर स्थापत्य किंवा विद्युत शिकून पाटबंधारे खात्यात, वीज मंडळात, रेल्वेत गेला. तिथे पदवीच्या जागेलाही आरक्षण होते आणि नोकरीच्या जागेलाही. 1991 नंतर सरकारी भरती आटत गेली आणि नेमक्या त्याच वर्षांत संगणक ही पहिल्या पसंतीची शाखा झाली. या शाखेची नोकरी जवळजवळ पूर्ण खासगी. प्रवेशाच्या दारात घटना आहे, बाहेर पडायच्या दारात कंपनीचा मुलाखतकार. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज फक्त नाव बदलून खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठवले होते. 2007 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी. संगणकाला जात नसते हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. संगणकाला नसेल, पण अर्ज वाचणाऱ्याला असते.

2014 मध्ये नवा कायदा झाला आणि लोणेरे हे संपूर्ण राज्यातल्या कॉलेजांना संलग्नता देणारे विद्यापीठ झाले. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वास्तुकला, बरेच काही. वाढ झाली हे खरे. पण कोकणातल्या एका आवारात चांगले शिकवणे हे एक उद्दिष्ट आणि राज्यभरच्या खासगी कॉलेजांच्या परीक्षा घेऊन पदव्या छापणे हे दुसरे. आज बाबासाहेबांचे नाव ज्या प्रमाणपत्रांवर आहे, त्यातली बरीचशी अशा कॉलेजांची आहेत जिथे संस्थाचालकाची मर्जी चालते. यावर आपल्या संघटनांनी एक तरी अभ्यासगट नेमायला हवा होता. आपण कमानीवरच्या अक्षरांच्या आकारावर निवेदने देत राहिलो.

आम्ही वस्तीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अर्ज भरण्याचे काम करतो. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, कॅप राउंड, महाडीबीटी. अडीच लाखांच्या आतले उत्पन्न असलेल्या मुलाला नियमाप्रमाणे फीसाठी अडवता येत नाही. मागच्या खेपेस एका खासगी कॉलेजात संगणक शाखेला नंबर लागलेल्या मुलीला काउंटरवर सांगितले गेले, आधी पूर्ण फी भर, शिष्यवृत्ती आली की परत घे. 2021 पासून केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, म्हणून कॉलेजे आता मुलांवर विश्वास ठेवत नाहीत. आई धुणीभांडी करते, एवढी रक्कम आणायची कुठून? आम्ही शासन निर्णयाची प्रत घेऊन चार वेळा गेलो. चौथ्या वेळी प्राचार्यांनी प्रवेश दिला, पण हमीपत्रावर आमची सही घेतली.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला गणितात के.टी. लागली होती, ती सुटली. लॅपटॉप नाही, कॉलेजची लॅब पाचला बंद होते, म्हणून आमच्या अभ्यासिकेतल्या एकमेव संगणकावर ती रात्री प्रोग्रॅम लिहीत बसते. तिच्या मागे खुर्च्यांवर दहावी-बारावीची चार पोरे आपला नंबर कधी येतो याची वाट पाहत असतात.