आयर्लंडचा युरोपप्रवेश

१९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट स्थापन झाले, तरी पुढची पन्नास वर्षे आयर्लंडची बाजारपेठ ब्रिटनच्याच हाती राहिली. निर्यातीतला निम्म्याहून अधिक माल, विशेषतः गुरे, गोमांस आणि लोणी, तिकडेच जाई. आयरिश पौंड ब्रिटिश पौंडाशी एकास एक बांधलेला होता. १९५०च्या दशकात सुमारे चार लाख माणसांनी देश सोडला, त्यांतले बहुतेक ब्रिटनला गेले.

पंतप्रधान शॉन लेमास यांच्या सरकारने १९६१ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. ब्रिटनचा अर्जही त्याच सुमारास गेला होता. मुख्य गिऱ्हाईक जकातीच्या भिंतीपलीकडे ठेवून एकट्याने आत जाणे आयर्लंडला परवडणारे नव्हते. त्यामुळे फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ मध्ये ब्रिटनची वाट अडवली, तेव्हा आयर्लंडही अडकले. अखेर १० मे १९७२ च्या सार्वमतात ८३ टक्के मते बाजूने पडली. मजूर पक्ष आणि कामगार संघटनांचा विरोध होता. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आणि डेन्मार्कसह आयर्लंड सदस्य झाले.

पहिला लाभ शेतकऱ्यांना झाला. ब्रिटनचे धोरण अन्न स्वस्त ठेवण्याचे होते, समुदायाचे शेतमालाला हमी भाव देण्याचे. यात मोठ्या जमीनदारांचा फायदा अधिक झाला. संरक्षक जकातीच्या आडोशाने तगलेले कापड आणि पादत्राणांचे कारखाने मात्र कोसळले. कॉर्कमधला फोर्डचा मोटार कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. मच्छीमारांना आपले समुद्रक्षेत्र इतर सदस्यांबरोबर वाटून घ्यावे लागले. ही किंमत लहान नव्हती, आणि ती देणाऱ्यांचा आवाज डब्लिनमध्ये फारसा पोहोचला नाही.

सामाजिक कायद्यांवरचा परिणाम तितकाच खोल होता. समान वेतनाचा कायदा १९७४ मध्ये संमत झाला, पण मंदीचे कारण देऊन सरकारने त्याची अंमलबजावणी लांबवण्याची परवानगी ब्रसेल्समधील युरोपीय आयोगाकडे मागितली. तिथे सामाजिक खात्याचे आयुक्त पॅट्रिक हिलरी होते. सदस्यत्वाच्या वाटाघाटी करून करारावर सही करणारे आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री तेच. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच देशाची मागणी फेटाळली. आयरिश स्त्रियांना हक्काचे वेतन मिळवून देण्यात हा नकार निर्णायक ठरला.

१९७९ मध्ये आयर्लंड युरोपीय चलन व्यवस्थेत गेले, ब्रिटन तिच्या विनिमयदर यंत्रणेबाहेर राहिले आणि १८२६ पासूनची दोन पौंडांची बरोबरी तुटली. रेमंड क्रॉटी या अर्थतज्ज्ञाच्या याचिकेवर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर युरोपचे मोठे करार सार्वमताला टाकणे भाग पडले. मतदारांनी २००१ मध्ये नीसचा आणि २००८ मध्ये लिस्बनचा करार नाकारला. दोन्ही वेळा पुन्हा मतदान घेऊन होकार मिळवला गेला, आणि लोकशाहीच्या दृष्टीने ही पद्धत समाधानकारक म्हणता येत नाही.

युरोपचा विकासनिधी, एकसंध बाजारपेठ आणि कमी कंपनी कर यांच्या बळावर १९९०च्या दशकात अमेरिकी कंपन्या आल्या. युरोसोबत आलेल्या स्वस्त कर्जाने घरबांधणी बेसुमार फुगली, बँका बुडू लागल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोचे साहाय्य ठरले. २०१३ अखेरपर्यंत अंदाजपत्रकावर साहाय्य देणाऱ्यांची देखरेख राहिली.

ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिल्यावर, ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेवर जकात नाके पुन्हा उभारायचे नाहीत, ही डब्लिनची भूमिका उरलेल्या सर्व सदस्य देशांनी वाटाघाटींत आपली मानली.