सभासदांच्या पलीकडे

दरवर्षी गणपती बसण्याच्या महिनाभर आधी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक होते. वर्गणी, मांडव, आरत्यांचे यजमान, महाप्रसादाचा आचारी, स्मरणिकेच्या जाहिराती हे सगळे आटोपले की शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ येतात. तेवढ्यात कुणीतरी विचारतो, “या वर्षी सेवाकार्याचे काय?” मग रक्तदान शिबिर किंवा वह्यावाटप ठरते, चहा येतो आणि बैठक संपते. आम्हीही अशा बऱ्याच बैठकांना बसलो आहोत आणि चहाची वाट पाहिली आहे.

सेवा करणाऱ्या क्लबांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळले, की त्यांच्याकडेही सेवा हा आधी ऐनवेळचाच विषय होता.

23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघा ओळखीच्यांना एकत्र केले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. हॅरिस लहान गावात वाढलेला होता. मोठ्या शहरात धंदा चालत होता, पण माणसे नव्हती, ही त्याची खंत. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचे ठरले आणि या फिरत्या बैठकांवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. नियम असा होता की एका धंद्यातला एकच सभासद घ्यायचा. म्हणजे आपापसांत स्पर्धा नाही, आणि छपाई असो की कपडे, काम सभासदाकडेच जायचे. थोडक्यात, आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी केलेली सोय. गाव सोडून आलेल्यांना अशी सोय लागतेच. होळकरांच्या चाकरीसाठी माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनाही ती लागली असणार, म्हणून त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही.

पण पुढच्याच वर्षी, 1906 मध्ये, डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण गेले, तेव्हा त्याने नकार दिला. त्याचे म्हणणे होते, की हा क्लब सभासदांपलीकडे कुणाच्याच कामाचा नाही, आणि अशी संस्था फार काळ टिकणार नाही. यातली गंमत (आणि मोठेपणही) अशी, की क्लबवाले रुसले नाहीत. ‘मग तूच ये आणि हे बदल,’ असे म्हणून त्यांनी त्याला आत घेतले. आपल्या सार्वजनिक जीवनात टीका करणाऱ्याला पुढच्या बैठकीची नोटीसच जात नाही, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको.

त्यानंतर या क्लबाने जे पहिले सार्वजनिक काम हाती घेतले, ते होते शौचालय. 1907 पासून शहरातल्या इतर संस्थांना बरोबर घेऊन त्यांनी नगरपालिकेच्या इमारतीजवळ सार्वजनिक स्वच्छतागृहाची मागणी लावून धरली. गुत्तेवाल्यांचा विरोध झाला, कारण लोक त्या निमित्ताने त्यांच्याकडे येत आणि पेलाभर पिऊन जात. तरी 1909 मध्ये काम झाले. आज रोटरीचे नाव घेतले की पंचतारांकित हॉटेलातले जेवण आणि कोटावर लावलेले चाकाचे बिल्ले डोळ्यांसमोर येतात. सुरुवात मात्र मोरीपासून झाली होती.

त्याच 1905 साली, 12 जूनला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तो क्लब नव्हता. तिथे जन्मभराची सात व्रते होती, पाच वर्षांची उमेदवारी होती आणि वेतन जेमतेम. दोन्ही संस्थांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण समाजाचे कामही लवकरच त्याच जागी जाऊन पोहोचले. 1915 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात समाजाने स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले. प्रमुख हृदयनाथ कुंझरू, आणि वैद्यकीय बाजू डॉ. देव यांच्याकडे. डॉ. देवांनी शौचासाठी खड्डे खणून घेतले होते, पण सफाईसाठी पगारी माणसांवर अवलंबून राहावे लागे. तेव्हा आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी आपल्या फिनिक्सच्या मंडळींसह तिथे आले आणि मैल्यावर माती टाकण्याचे काम आम्हाला द्या म्हणाले. देवांनी ते आनंदाने दिले.

यात एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. गांधीजी त्या समाजाचे सभासद नव्हते. गोखल्यांच्या निधनानंतर त्यांनी सभासद व्हावे असे घाटत होते, पण सभासदांत मतभेद आहेत हे पाहून त्यांनी स्वतःच अर्ज मागे घेतला. सभासदांत काहींना ते नको होते, आणि तरीही समाजाच्या खड्ड्यांवर माती त्यांच्याच मंडळींनी टाकली.

समाजातल्या इतरांनीही व्रताबाहेरच्या माणसांना कामाला लावले. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत रात्रशाळा, वाचनालये चालवली. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी सेवेला येणारा मध्यमवर्गीय स्वयंसेवक, ज्याला आज आपण क्लबचा सभासद म्हणू, तो आपल्याकडे तिथे दिसू लागला. गोपाळ कृष्ण देवधर यांनी रमाबाई रानड्यांच्या साथीने 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. तिथल्या बायका, त्यांत कितीतरी विधवा, परिचारिका म्हणून शिकल्या आणि ससून रुग्णालयात कामाला लागल्या. रोटरीत मात्र स्त्रियांना प्रवेश मिळायला 1989 उजाडले, तोही कोर्टाच्या पायऱ्या चढून. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने तीन स्त्रियांना सभासद केले म्हणून 1978 मध्ये त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली गेली होती. 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबाच्या विरोधकांना गप्प केले. हे वाचताना आम्हाला आपल्या रमाबाईंचा अभिमान वाटला. पण आमच्या मंडळाचा अध्यक्षांचा फलकही आठवला. त्यावर पहिले स्त्रीनाव किती खाली आहे, ते ज्याने त्याने येता-जाता पाहावे.

हिंदुस्थानात रोटरी आली ती कलकत्त्यात, 1919-20 मध्ये, आणि सुरुवातीला ती मुख्यतः गोऱ्या साहेबांची होती. मुंबईचा क्लब 1929 चा. पुढे कलकत्त्याचेच नितीश लाहरी 1962 मध्ये जगभरच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. लायन्स क्लब 1917 चा, मेल्विन जोन्स यांचा, तोही शिकागोचाच. 1925 मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी उभे राहण्याचे आवाहन केले आणि त्या क्लबाला आयुष्यभराचे काम मिळाले. आपल्या गावोगावच्या मोतीबिंदू शिबिरांवर लायन्सचा फलक का असतो, त्याचे उत्तर तिथे आहे.

आता पोलिओ. हा भाग आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. शासकीय नोकरीत असल्यामुळे आमची ड्यूटी लागत असे.

रोटरीने 1979 मध्ये फिलिपिन्समध्ये सुमारे साठ लाख मुलांना पोलिओचा डोस देण्याचे काम घेतले आणि 1985 मध्ये जगभरासाठी ‘पोलिओप्लस’ जाहीर केले. 12 कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. 1988 पर्यंत 24 कोटींच्या वर जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा 125 देशांत हा रोग होता आणि वर्षाला साडेतीन लाख मुले पांगळी होत होती. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 1994 ला दिल्लीत आणि 9 डिसेंबर 1995 ला देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. एका फेरीत सुमारे 17 कोटी मुले आणि वीस लाखांहून जास्त कार्यकर्ते! हे काम सरकारचे होते, ते कोणत्याही क्लबाच्या आवाक्यातले नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. पण सरकारी यंत्रणेला जे जमत नाही, ते नेमके क्लबवाल्यांना जमले.

बूथवर काय लागते ते ज्याने केले त्यालाच कळते. लसीची पेटी, तिच्यात बर्फाच्या चार थैल्या. कुपीच्या लेबलावर एक गोल आणि त्यात पांढरा चौकोन असतो. उष्णता लागली की चौकोन काळवंडत जातो आणि गोलाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. डाव्या करंगळीवर शाईची खूण, टॅली शीटवर रेघ. रविवारी बूथ, आणि सोमवारपासून घरोघर. सगळी मुले झाली असतील त्या दारावर ‘पी’, एखादे राहिले असेल तर ‘एक्स’. एक्सच्या घरी पुन्हा जायचे. वीटभट्ट्या, बांधकामांवरच्या पालावरच्या झोपड्या, बसस्थानक, रेल्वेचे डबे काहीही सोडायचे नाही.

आमच्या बूथवर एका वर्षी एका क्लबाची मंडळी आली. बॅनर लावला, एका बाळाला तीन वेगवेगळ्या कोनांतून डोस पाजल्याचे फोटो काढले (थेंब एकदाच दिले, एवढी कृपा केली) आणि वीस मिनिटांत गेली. आम्ही मनात त्यांना बरेच काही म्हणालो. पण दुसऱ्या एका क्लबाचे एक किराणा व्यापारी होते. ते प्रत्येक फेरीला सकाळी सात वाजता स्वतःची गाडी घेऊन आरोग्य केंद्रावर उभे असत. पेट्या गाडीत ठेवायचे, पाच बूथवर पोचवायचे, दुपारी सगळ्यांना पुरी-भाजी, संध्याकाळी पेट्या परत. मुलांसाठी शिट्ट्या आणि कागदी मुखवटे तेच आणायचे. शिट्टीच्या लोभाने कितीतरी पोरे धाकट्या भावंडांना काखेत घेऊन धावत आली. ज्या घरातून आम्हाला ‘सरकारी’ म्हणून दार उघडले जात नव्हते, तिथे ते पुढे होत, कारण त्या घरचे सामान त्यांच्या दुकानातून उधारीवर जायचे. उत्तर प्रदेशात रोटरीने मुस्लिम उलेमांची समिती करून हेच मोठ्या प्रमाणावर केले. ज्याचे ऐकले जाते त्याला पुढे केले.

2009 मध्ये देशात 741 मुलांना पोलिओ झाला, जगातल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे. इतक्या फेऱ्या होऊनही हा आकडा पाहून आम्हा कर्मचाऱ्यांचे हातपाय गळाले होते. 2010 च्या सुरुवातीला दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणारी नवी लस आली आणि त्या वर्षी आकडा 42 वर आला. शेवटची रुग्ण हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी, 13 जानेवारी 2011 ची. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला.

याच काळातली एक गोष्ट लिहायची राहिली आहे. लिहावी की नाही, यावर आम्ही बरेच दिवस घालवले.

बूथसाठी जवळची शाळा दुरुस्तीला निघाली होती, म्हणून एका मंडळाच्या सभागृहाची पडवी मागण्यात आली. आपल्याच लोकांचे मंडळ. बैठकीत विषय आला, अर्थात ऐनवेळच्या विषयांत. एक ज्येष्ठ म्हणाले, की सभागृह आपल्या पूर्वजांनी वर्गणी काढून सभासदांसाठी बांधले आहे, नाल्यापलीकडची सगळी वस्ती आत येईल, फरशी खराब होईल, पुढे दरवेळी मागतील. तसे ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी कितीतरी मुलांच्या फिया गुपचूप भरलेल्या आम्हाला ठाऊक आहेत. चार-पाच माना हलल्या. आम्ही त्याच बैठकीत होतो, बूथची ड्यूटी आमचीच होती, आणि आम्ही बोललो नाही. वयाने लहान होतो, हे कारण तेव्हा आम्हाला पुरेसे वाटले. त्या फेरीचा बूथ रस्त्यावर, पानवाल्याच्या छत्रीखाली लागला.

कार्टरबद्दल आम्ही फार नंतर वाचले. तो तर सभासदही नव्हता, तरी बोलला.

पुढच्या फेरीच्या आधी विषय पुन्हा आला, तोही आम्ही काढला नाही. महिला शाखेच्या एका काकूंनी काढला. फरशी आम्ही पुसू, म्हणाल्या, आणि हळदीकुंकवाला वापरायच्या दोन सतरंज्या पडवीत टाकूनही मोकळ्या झाल्या. रविवारी सकाळी किराणावाले व्यापारी पेटी घेऊन आले, ते चपला बाहेर काढून आत आले आणि आधी गणपतीच्या कोनाड्याला नमस्कार केला. नाल्यापलीकडच्या बायका मुलांना घेऊन दहा वाजेपर्यंत येतच होत्या. फरशी खराब झाली, काकूंनी पुसली, आणि ते ज्येष्ठ गृहस्थ बारा वाजता नातवाला घेऊन आले व रांगेत उभे राहिले.

त्या दिवशीच्या टॅली शीटवर मंडळाच्या सभासदांच्या मुलांच्या रेघा दोनच होत्या. एक त्या नातवाची आणि दुसरी आमच्या मुलीची.