सादळलेला खर्ज

आषाढ लागला की महाड-पोलादपूरकडे बरणीतले मीठ पाणी सोडते, पापड सादळतो, काडी ओढून ओढून पेटत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पिणाऱ्या मुलखाला हे मी काय सांगावे! पण मिठाच्या याच खोडीने एका वाद्याच्या इतिहासाला वळण दिले आहे.

डबल बेस हे ते वाद्य. व्हायोलिनच्या कुळातले, पण माणसाहून उंच. उभे राहून वाजवायचे. मुंबईच्या जाझ बँडांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी ते पुष्कळ वाजवले. त्याचा खर्ज भारदस्त खरा, पण शेजारी पितळी कर्णे सुरू झाले की बुडालाच. समोर मायक्रोफोन ठेवावा, तर तो ढोलाचाही आवाज उचलतो. तेव्हा १९४६ च्या सुमारास एव्हरेट हल या अमेरिकन बेसवादकाने नामी तोड काढली. वाद्य ज्या खुंटावर उभे असते, त्याच खुंटावर वाद्याच्या पोटात त्याने मायक्रोफोन बसवला!

पुढे मायक्रोफोनही नको झाला. घोडीला चिकटवलेला स्फटिकच लाकडाची थरथर उचलू लागला. याचे मूळ मात्र जुने. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उपजते, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० सालीच दाखवले होते. त्यांतला जोरकस स्फटिक म्हणजे रोशेल मीठ. फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरातल्या सेन्येत नावाच्या औषधविक्याने सतराव्या शतकात ते प्रथम केले, तेही रेचक म्हणून! १९३० नंतर ग्रामोफोनच्या पिकअपांत तेच बसू लागले. पण मीठ ते मीठच. दमट हवेत पाणी ओढून विरघळते, फार कोरड्या हवेत पाणी सोडून भुगा होते, आणि ५५ अंशांच्या आसपास कायमचे निकामी. तेव्हा शाळेच्या कपाटातल्या जुन्या विजेच्या ग्रामोफोनचा आवाज पावसाळ्यागणिक खालावत गेला असेल, तर गुरुजी, नुसती सुई बदलून भागायचे नाही.

१९५० नंतर पाण्याला दाद न देणारे भाजलेल्या मातीच्या जातीचे स्फटिक आले. मग आजचा पिकअप का क्षीण होतो? बहुधा स्फटिक शाबूत असतो. वीज वाटेत गळते. ती असतेच चिमूटभर. ओलाव्याने बुरसलेली खोच, सुटलेला डाख, नाहीतर ध्वनिवर्धकाचे तोंडच असे की ते वीज फार ओढते. त्या तोंडाचा रोध निदान दहा लाख ओहम हवा. जास्त असला तर उत्तमच. गळती असली की खर्ज आधी जातो, कारण त्याची थरथर संथ. लाट पुरी होईतो वीज ओसरलेली असते. वरचे स्वर खणखणीत आणि खालचे पोकळ, असे झाले की गळती शोधावी. सगळेच सारखे मंदावले, तर आधी बॅटरी पाहावी, मग घोडीला स्फटिक नीट टेकला आहे का ते.

आणि तार काढून नुसते वाद्य वाजवून पाहायला विसरू नका. तेही मंद वाटले तर दोष विजेचा नव्हे, लाकडाचा. ओलीने घोडी कलते, पोटातला आधाराचा दांडू सरकतो. फ्रेंच लोक त्या दांडूला वाद्याचा आत्मा म्हणतात; तो हलला तर नवा पिकअप तरी काय करणार?

२०२१ च्या जुलैत महाडात सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी भिजलेले वाद्य चुलीजवळ शेकायचा मोह होतो. तो आवरावा. उष्णतेने सरस सुटतो, लाकूड तडकते, आणि जुन्या पिकअपातले मीठ तर वाचतच नाही. वाद्य आधी कोरड्या फडक्याने टिपून, तारा थोड्या सैल करून, वारा खेळेल अशा सावलीत ठेवावे. खोच पुसावी ती पूर्ण सुकल्यावर, आणि वीज जोडावी ती त्याच्याही नंतर.