गाठ

७२ च्या दुष्काळात आई-बापू खडी फोडायच्या कामावर जायचे अन् आम्ही भावंडं घरी. धाकटा सात वर्षांचा. शेळीला पाला काढायला लिंबावर चढला आणि खाली आला तो हातावरच. कोपर सुजून टम्म झालं.

तेव्हा मराठवाड्यात मेडिकल कॉलेज एकच, औरंगाबादचं, १९५६ सालचं. अहमदपूर भागातून तिकडं जायला पैसे कुठले? शेजारच्या गावचे हाडवैद्य आले. हात ओढला, लेप लावला, बांबूच्या कामट्या लावून चिंधीनं कसून बांधलं. रात्री लेकरू ओरडायलं, "दादा, गाठ सोड रं." बोटं गार पडलेली. मी गाठीला हात घातला. बापू म्हणाले, "राहू दे, हाड जुळताना दुखतंच." मी हात मागं घेतला.

पुढं रडणं थांबलं. आम्हाला वाटलं, उतार पडला. महिन्यानं कामट्या काढल्या. हाड जुळलं होतं, जरा वाकडं. पण बोटं आत वळली ती वळलीच.

फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं हे १८८१ सालीच लिहून ठेवलं होतं. लेकरू पसरल्या हातावर पडलं की दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. तिथूनच मोठी रक्तवाहिनी जाते. वरून करकचून बांधलं की रक्त अडतं, काही तासांत स्नायू मरतो अन् मग आखडतो. वाकडं जुळलेलं हाड ऑपरेशननं सरळ करता येतं. मेलेला स्नायू परत येत नाही.

पुढं अंबाजोगाईला १९७४ साली कॉलेज झालं, नांदेडला १९८८ ला, लातूरला २००२ ला. काही वर्षांमागं माझा नातू सायकलवरून पडला, तसंच कोपर मोडलं. त्याच रात्री नांदेडला नेला. डॉक्टरांनी आधी मनगटाची नाडी बघितली, बोटं हलवायला लावली, मग एक्स-रे. भूल देऊन, न कापता हाड बसवलं, बाहेरून दोन तारा घातल्या. चार आठवड्यांनी तारा काढल्या. मालिश करू नका म्हणून बजावलं, त्यानं सांधा आखडतो. आज हात सरळ आहे.

दवाखान्यातल्या त्या रात्री भाऊ झोपलाच नाही. घडीघडीला उठून आपल्या चांगल्या हातानं पोराची बोटं चाचपायचा अन् म्हणायचा, "दादा, गरम हाईत."

मला त्याच्याकडं बघवलं नाही.