दोन तोळ्यांचा फरक
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आगगाडीच्या डब्यांना पुढें-मागें लोखंडी बफर लावलेले आपण पाहिले असतील. डबा डब्याला भिडतांना बसणारा धक्का ते सोसतात. असाच एक बफर, वीतभरहि लांब नसलेला, एका प्रसिद्ध बंदुकीच्या दस्त्यांत दडलेला असतो. त्या चिमुकल्या वस्तूच्या वजनाशीं रणांगणावरील सैनिकांच्या जिवाचा संबंध कसा येऊन पोंचला, ती हकीगत आज सांगावयाची आहे.

ही बंदूक म्हणजे अमेरिकेची एम-१६. यूजीन स्टोनर या कल्पक माणसानें आर्मालाइट कंपनींत १९५० नंतरच्या दशकांत तिची मूळ रचना केली, आणि १९५९ मध्यें तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. तिची युक्ति मोठी सुटसुटीत आहे. गोळी नळींतून पुढें धांवत असतां तिच्या मागचा तप्त वायु नळीला पाडलेल्या एका बारीक छिद्रांतून थोडासा बाहेर पडतो आणि एका पातळ नलिकेंतून मागें येऊन आंतील सरकत्या ठोकळ्याला ढकलतो. ठोकळा मागें जातांना रिकामें काडतूस ओढून बाहेर फेंकतो. दस्त्यांतील स्प्रिंग व बफर त्याला थोपवून पुन्हां पुढें लोटतात. येतांना तो नवें काडतूस घेऊन येतो. हें सर्व एका सेकंदाच्या लहानशा अंशांत घडतें. म्हणजे वायूचा जोर, छिद्राचें अंतर, स्प्रिंगची ताकद आणि बफरचें वजन या चौघांचा हा संसार आहे. एकाचा स्वभाव पालटला कीं इतरांना सांवरून घ्यावें लागतें.

पण १९६४ च्या सुमारास नेमका एकाचा स्वभाव पालटला, आणि इतरांना कोणी विचारलें नाहीं. ज्या दारूवर ही बंदूक बेतलेली होती, तिच्याऐवजीं सैन्याच्या अधिकाऱ्यांनीं गोल कणांची निराळी दारू मान्य केली. तिनें छिद्रापाशीं वायूचा जोर वाढला आणि आंत काजळीहि अधिक सांचूं लागली. मिनिटास ८५० गोळ्या ही ठरलेली कमाल गति होती. ती ओलांडून बंदूक हजाराच्या आसपास जाऊं लागली. आधींचा बफर हलका होता. दार जोरानें लोटलें कीं चौकटीवर आपटून तें किंचित मागें येतें, तसा ठोकळा बंद होतांना उसळी घेऊं लागला. त्यांत भर अशी, कीं काडतूस बसतें त्या खोबणीला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि या बंदुकीला साफसफाई जवळजवळ लागतच नाहीं असा समज पसरला होता. सफाईचें साहित्यहि पुष्कळांना मिळालें नाहीं.

१९६५ नंतर व्हिएटनामच्या दमट रानांत याचें फळ भोगावें लागलें. ऐन चकमकींत रिकामें काडतूस खोबणींतच अडकून बसे, आणि शत्रु समोर असतां शिपायाला नळींत सळई घालून तें ठोकून काढावें लागे. बंदूक अडकलेल्या स्थितींत कित्येकांना मरण आलें. पोरांचीं पत्रें घरीं गेलीं. घरच्यांनीं तीं लोकप्रतिनिधींना दाखविलीं. १९६७ मध्यें रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीनें चौकशी केली, आणि ही हयगय गुन्ह्याच्या सीमेपर्यंत जाते, अशा अर्थाचा कठोर ठपका ठेवला.

उपाय मात्र साधे निघाले. खोबणीला क्रोमचा मुलामा चढला. सफाईचें साहित्य पोंचलें. विल आयझनर या चित्रकाराकडून बंदुकीची निगा शिकविणारी सचित्र पुस्तिका करवून घेण्यांत आली. आणि बफर बदलला. नव्या बफरच्या पोटांत सुटीं सरकतीं वजनें घातलेलीं होतीं. ठोकळा पुढें येऊन आपटला कीं क्षणमात्र मागाहून हीं वजनें येऊन त्याला पुन्हां दाबीत; जणूं दार लोटल्यावर मागून कोणी हात देऊन धरावें. त्यानें उसळी मोडली आणि गति आटोक्यांत आली.

पुढें हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा राहिला. एम-१६ ची नळी २० इंचांची; १९९४ मध्यें सैन्यानें घेतलेल्या एम-४ ची साडेचौदा इंचांची. नळी आंखूड म्हणून वायूचें छिद्रहि काडतुसाच्या जवळ आलें. तेथें वायु अधिक जोराचा असतो, आणि ठोकळा लौकर हलूं लागतो; काडतूस अजून खोबणीच्या भिंतींना फुगून चिकटलेलें असतांनाच त्याला ओढ बसते. येथें बफर जड हवा. परंतु दस्ताहि आंखूड, म्हणून साध्या आंखूड बफरचें वजन सुमारें ८५ ग्रॅमच भरतें, आणि लांब बंदुकीच्या बफरचें मात्र १४५ ग्रॅमांच्या आसपास! तेव्हां आकार तोच ठेवून पोटांतील तीन पोलादी वजनांच्या जागीं टंगस्टन ही जड धातु घालण्याची तोड निघाली. एक वजन बदललें कीं सुमारें दोन तोळ्यांची भर पडते. गरजेप्रमाणें एक, दोन किंवा तीन बदलावीं. एम-४ ला पहिली पायरी देण्यांत आली, अखंड झाडणाऱ्या एम-४ए१ ला दुसरी.

मात्र जड तें सर्वत्र चांगलें, असें नव्हे. बफर फाजील जड झाला आणि काडतूस मंद निघालें, तर ठोकळा पुरता मागें जात नाहीं आणि पुढचें काडतूस उचलीत नाहीं. म्हणून वजनाचा निर्णय केवळ तराजूवर होत नाहीं. नळी, छिद्र व दारू पाहूनच तो करावा लागतो.

श्रोतेहो, दारू बदलण्याचा हुकूम कागदावर झाला आणि त्याचा हिशेब रानांतल्या पोरांनीं चुकता केला. जोडलेल्या वस्तूंपैकीं एकीला हात लावतांना दुसरीची चौकशी करावी, एवढें साधें शहाणपण त्या हुकमाच्या वेळीं पुरेसें होतें. तें मागाहून सुचलें, आणि दोन तोळ्यांच्या हिशेबापर्यंत यावयास फार मोठी किंमत पडली.