पुण्याच्या वेशीवरचा हुकूम

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो की मला हटकून मोरो रघुनाथ आठवतो. चौदा वर्षांचे पोर! या वयाची मुले मी रोज वर्गात पाहतो. १८२८ साली या मुलापायी मुंबईचे गव्हर्नर आणि न्यायाधीश हमरीतुमरीवर आले.

पेशवाई बुडून दहा वर्षे लोटली होती. पुण्यात कंपनी सरकारच्या अदालती होत्या, तर मुंबईत खुद्द विलायतच्या राजाचे सुप्रीम कोर्ट. राज्य एक आणि न्यायाचे उंबरठे दोन! मोरोला पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्यांनी पुण्यातील घरात अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार मुंबईस गेली. 'मुलास आमच्यापुढे हजर करा,' असा हेबियस कॉर्पसचा हुकूम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो पुण्यात चालू दिला नाही. मुंबईचे शिपाई पुण्याच्या मानकऱ्यांस ओढून नेऊ लागले, तर सरकारचा वचक राहील कसा, ही त्यांची धास्ती.

न्यायासनावर तीन न्यायाधीश होते. वेस्टसाहेब ऑगस्टात वारले, चेंबर्स ऑक्टोबरात. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हुकूम मानला जात नाही म्हणून त्यांनी १८२९ च्या एप्रिलमध्ये कोर्टालाच टाळे ठोकले! तिकडे लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कमना खाजगी पत्रात कळवले, की नवे दोन न्यायाधीश येताहेत. दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये हा रानहत्ती सापडेल. पत्र फुटले, छापले गेले आणि लाटसाहेबांची फजिती झाली.

त्याच साली विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला. सुप्रीम कोर्टाचा असा हुकूम मुंबईच्या हद्दीत, किंवा बाहेरही जो इसम जातीने त्या कोर्टाच्या अखत्यारीत असेल त्याच्यावरच चालेल. कंपनीच्या अदालतीने तुरुंगात घातलेला कैदी त्याला सोडवता यायचा नाही. माल्कम जिंकले. मात्र मोरोला खरोखर कोंडले होते काय, याचा निवाडा त्यात नाही! ग्रँटसाहेब हट्टी खरे, पण माझे मन अजून त्यांच्याकडेच झुकते.

माल्कमनी पुढे १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, हे त्यांचे पुण्य. सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत १८६२ साली मुंबईच्या हायकोर्टात विलीन झाली. १९५० च्या राज्यघटनेतील २२६ व्या कलमाने त्या हायकोर्टाचा हुकूम, पुण्याची वेस ओलांडून, साऱ्या राज्यात चालतो.