पिवळ्या रेघेचे बिऱ्हाड

शके १७९० च्या श्रावण अमावास्येला, म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ या मंगळवारी, घरोघर पिठोरीची पूजा आणि वऱ्हाड-खानदेशाकडे पोळ्याची गडबड चालू असावी अशा दिवशी, चंद्राची छाया अरबी समुद्रावरून येऊन कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि सह्याद्री ओलांडून, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानावरून व विजापूरच्या घुमटांवरून सरकत, गुंटूर-मछलीपट्टणच्या बाजूने बंगालच्या उपसागरात निघून गेली. लोकांच्या दृष्टीने तो स्नानदानाचा पर्वकाळ होता. पण त्याच छायेच्या वाटेवर ठिकठिकाणी दुर्बिणी रोवून बसलेल्या साहेबांच्या दृष्टीने ती आयुष्यात क्वचितच लाभणारी संधी होती. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, श्रावणातील ढगांना मनोमन शिव्याशाप देत आकाशाकडे पाहत होता, आणि गुंटूरला पॅरिसहून आलेला ज्यूल झान्सेन पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणाऱ्या खग्रास स्थितीची वाट पाहत होता. झाकलेल्या सूर्याच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्या कशाच्या बनलेल्या आहेत, एवढाच प्रश्न या सर्वांनी बरोबर आणला होता. आवर्तकोष्टकाच्या इतिहासाला एरवी कोणी या ठिकाणापासून आरंभ करीत नाही; मी करतो, कारण त्या कोष्टकाची खरी कसोटी जिने पाहिली ती पाहुणी त्या दिवशी या वाटेवर प्रथम डोकावून गेली.

ज्वालेतील द्रव्य ओळखण्याची युक्ती त्या वेळी जेमतेम नऊ वर्षांची होती. चुलीवर भाताचे आधण उतू जाऊन खारट पाणी निखाऱ्यावर पडले की ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते, हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. तो पिवळेपणा मिठातील सोडियमचा. हायडेलबर्गच्या बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८५९ च्या सुमारास अशा ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रेघांनी वर्णपटात सही करते, असे दाखवून दिले. सोडियमची सही म्हणजे अगदी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पिवळ्या रेघा. गुंटूरला झान्सेनला त्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेघा इतक्या स्पष्ट दिसल्या की ग्रहणावाचूनही त्या दिसल्या पाहिजेत, असे त्याच्या मनाने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने त्या भर उन्हात पाहिल्यासुद्धा. इकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर याने कोणत्याही ग्रहणाचा आधार न घेता तीच गोष्ट २० ऑक्टोबर १८६८ रोजी साधली. योगायोग असा की दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच बैठकीत वाचली गेली, आणि वाद माजण्याऐवजी पुढे दोघांच्या मुखवट्यांचे एकच पदक पाडले गेले. वैज्ञानिकांच्या भाऊबंदकीत असा समझोता विरळाच.

त्या रेघांपैकी एक पिवळी होती, आणि ती सोडियमच्या दोन्ही रेघांशी जुळेना. जरा बाजूला, हिरव्या अंगाला, ती एकटीच उभी होती. हायड्रोजनला नाना परींनी छळून पाहिले तरी तो तशी रेघ देईना, तेव्हा पृथ्वीवर न सापडलेले काही तरी सूर्यावर आहे असे लॉकियरने मनाशी धरले आणि ग्रीकांच्या सूर्यदेवतेवरून त्याचे हेलियम असे नाव रूढ झाले. शेपूट धातूचे लावले, कारण तो धातूच असणार असा समज होता. रसायनशास्त्रज्ञांनी मात्र ही फिर्याद दाखलच करून घेतली नाही. ज्याचा कणभर नमुना कोणाच्या बाटलीत नाही, ज्याचा अणुभार कोणी मोजलेला नाही, अशा नुसत्या रेघेला मूलद्रव्य म्हणून मान्यता द्यायची कशी?

आम्हांला शाळेत विज्ञान शिकविणारे गुरुजी कोकणातले होते आणि हेलियमचा शोध लॉकियरसाहेबांनी १८६८ साली विजयदुर्गावर लावला असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. त्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवितात. पुढे वाचनात आले ते असे की १८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. विजयदुर्गावर तो आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, तेव्हा त्याच्या मदतीला आरमारी जहाजावरील खलाशी होते, आणि त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन जेऊरला गेले होते. माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. फक्त दोन ग्रहणांची खाती एकात मिसळून गेली. मला या गल्लतीचा राग येत नाही. ती गुरुजींनी केली नसती तर मी हा विषय शोधीत गेलोच नसतो.

गुंटूरच्या ग्रहणाला पुरते सात महिने झाले नव्हते तोच सेंट पीटर्सबर्ग येथे या सर्व मूलद्रव्यांची जमाबंदी पार पडली. तत्पूर्वीचे प्रयत्न थोडे नव्हते. येनाच्या ड्योबेरायनरने १८२९ मध्ये त्रिकुटे लावली होती: लिथियमचा अणुभार ७, पोटॅशियमचा ३९, आणि त्यांची बेरीज निम्मी करावी तर मधल्या सोडियमचे २३ हातात येतात. परंतु अणुभारांविषयीच एकवाक्यता नव्हती. ती कार्ल्सरूहे येथील १८६० च्या परिषदेत वाटल्या गेलेल्या इटलीच्या कानिझारोच्या पुस्तिकेमुळे हळूहळू आली. तिच्या पाठोपाठ लंडनच्या न्यूलँड्सने मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली आणि दर आठवे पहिल्याशी मिळते, सप्तक पुरे होऊन वरचा षड्ज यावा तसे, असे १८६६ मध्ये केमिकल सोसायटीपुढे सांगितले. आमच्या कानांना ही उपमा मुळीच विचित्र वाटत नाही. पण त्या सभेत एका विद्वानाने, आपण ही नावे वर्णानुक्रमाने लावून पाहिली होती काय, असे विचारून त्याची फजिती केली. गंमत अशी की न्यूलँड्सचे सप्तक जमले तेही एका संपूर्ण कुळाच्या गैरहजेरीमुळे. ते कुळ तेव्हा ठाऊक असते तर आठव्याच्या जागी नववे आले असते आणि संगीताची उपमा त्याला सुचलीही नसती.

१७ फेब्रुवारी १८६९ हा दिवस, रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे. आपल्या इंग्रजी तारखेने १ मार्च. पस्तिशीतला प्राध्यापक द्मित्री मेंडेलीव्ह त्या दिवशी त्वेर प्रांतातील चीज बनविणाऱ्या सहकारी दुग्धालयांची पाहणी करण्यासाठी निघायचा होता. त्या कामगिरीसंबंधी एका सभेच्या कार्यवाहांनी पाठविलेले पत्र आजही जपून ठेवलेले आहे. त्याच्या पाठीवर घाईघाईने लिहिलेली मूलद्रव्यांची चिन्हे आणि अणुभारांच्या वजाबाक्या आहेत, आणि कागदावर पेला ठेवल्याचा गोल डागही आहे. आपल्या विद्यार्थ्यांसाठी तो पाठ्यपुस्तक लिहीत होता आणि एका कुळानंतर दुसरे कोणते घ्यावे, या अगदी शिक्षकी अडचणीत सापडला होता. प्रवास लांबला, आणि तक्ता त्याच दिवशी तयार झाला. तो रशियन केमिकल सोसायटीपुढे वाचला मात्र त्याचा स्नेही मेन्शुत्किन याने.

त्या वेळी ठाऊक असलेल्या ६३ मूलद्रव्यांना त्याने रांगेत बसविले. जेथे क्रमाने येणारे मूलद्रव्य शेजाऱ्यांच्या गुणधर्मांशी जमेना तेथे त्याला पुढे ढकलून मधले घर त्याने सरळ रिकामे सोडले. एवढ्यावर न थांबता १८७१ मध्ये त्याने तीन रिकाम्या घरांच्या भावी मालकांची कैफियत आगाऊ लिहून ठेवली, आणि त्यांना तात्पुरती नावे दिली ती संस्कृत अंकावरून: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. पाणिनीची अष्टाध्यायी संपादणाऱ्या ब्योटलिंकच्या संस्कृत महाकोशाचे खंड पीटर्सबर्गहूनच निघत होते, यावरून मेंडेलीव्हच्या कोष्टकामागे माहेश्वरसूत्रांची, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणातील वर्णमांडणीची, प्रेरणा होती, असा तर्क काहींनी लढविला आहे. तो मला सुखावतो, परंतु पुराव्याच्या बाजूने पाहता तो नामंजूरच करावा लागतो.

१८७५ मध्ये ल्कॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच माणसाला पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजात गॅलियम, म्हणजेच मेंडेलीव्हचे एक-ॲल्युमिनियम, सापडले. त्याने त्याची घनता ४.७ भरल्याचे जाहीर केले, तर पीटर्सबर्गहून मेंडेलीव्हने कळविले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना शुद्ध नसावा. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नाही त्याने ज्याच्या हातात तो आहे त्याला चूक दाखवावी, हे औद्धत्य नव्हे तर काय? ब्वाबोद्राँने नमुना पुन्हा शुद्ध केला आणि घनता ५.९ भरली. (हा धातू सुमारे ३० अंशांवर वितळतो, युरोपात तळहातावर ठेवून तो चमत्कार दाखवितात, कोकणातल्या वैशाखात तो डबीतच पाणी होऊन बसेल.) १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सनला स्कँडियम आणि १८८६ मध्ये फ्रायबेर्कच्या विंकलरला जर्मेनियम सापडले, तेव्हा मेंडेलीव्हची कीर्ती ज्योतिषाच्याही वर गेली.

परंतु मला नेहमी वाटत आले आहे की या तीन विजयांचा गवगवा प्रमाणाबाहेर झाला. आपल्या नकाशावर आपणच पडीक म्हणून दाखविलेल्या जमिनीवर कोणी वहिवाटदार उभा राहिला, तर मोजणीदाराची शाबासकी होते हे खरे. पण मोजणीची परीक्षा होते ती ज्याची नोंदच नाही असा इसम दारात येऊन उभा राहतो तेव्हा.

तो आला १८९४ मध्ये, आणि तोही हवेतून. लॉर्ड रॅली नायट्रोजनची घनता काटेकोर मोजीत असता हवेतून काढलेल्या नायट्रोजनच्या एका लिटरचे वजन १.२५७ ग्रॅम, तर रासायनिक संयुगांपासून मिळविलेल्याचे १.२५१ ग्रॅम भरू लागले. सहा मिलिग्रॅमची तफावत दुसऱ्या कोणी हिशेबातील किरकोळ म्हणून सोडून दिली असती. रॅलीने आणि विल्यम रॅम्सेने तिचा पाठपुरावा केला आणि कशाशीही संयोग न पावणारा एक वायू हाती लागला. त्याचे नाव आर्गॉन, म्हणजे आळशी. अणुभार ४० च्या जवळ. कोष्टकात पोटॅशियम ३९ वर आणि कॅल्शियम ४० वर आपापल्या घरी नांदत असताना या आळशाला ठेवायचे कोठे? मेंडेलीव्हनेच हरकत घेतली. हे नवे मूलद्रव्य नसून तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असे त्याचे म्हणणे पडले. आगाऊ नोंदींचा एवढा मोठा मालक बिननोंदीच्या पाहुण्यापुढे दार लावून बसला.

आर्गॉनचे एखादे संयुग कोठे सापडेल या शोधात रॅम्सेला क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजाची वार्ता लागली. आम्लात ते तापविले की एक वायू निघतो, आणि अमेरिकेतील हिलेब्रँडने तो नायट्रोजन म्हणून नोंदविला होता. मार्च १८९५ मध्ये रॅम्सेने तो वायू नळीत भरून त्यातून वीज सोडली. वर्णपटात आर्गॉन नव्हता, नायट्रोजन नव्हता. एक झगझगीत पिवळी रेघ होती, आणि ती सोडियमच्या जागी नव्हती. आपलेच यंत्र बिघडले की काय म्हणून रॅम्सेने प्रथम स्वतःवर संशय घेतला, मग नळी वर्णपटांचा जाणकार क्रूक्स याच्याकडे मोजणीसाठी पाठविली. क्रूक्सचा निर्वाळा आला: सूर्यावरची तीच रेघ. सत्तावीस वर्षे सूर्यावर बेवारस पडलेले द्रव्य लंडनच्या एका खोलीत, दगडातून, बाहेर आले.

१८९८ मध्ये रॅम्से आणि त्याचा तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन वेगळे काढले. हेलियम-आर्गॉनसकट सगळे एकाच कुळाचे, सगळे त्या काळी तितकेच आळशी ठरलेले. तेव्हा उलगडा झाला की चुकले होते ते कोष्टक नव्हे. क्लोरीनच्या रांगेच्या आणि सोडियमच्या रांगेच्या मधोमध एक सबंध पट्टीच मोजायची राहून गेली होती. ती पट्टी आत सारताना कोणाचाही बांध हलवावा लागला नाही. मेंडेलीव्हने अखेर हा ‘शून्य गट’ कबूल केला, आणि तो आपल्या नियमाचा गौरवच आहे असेही म्हणून टाकले.

याच रॅम्सेला १९०० च्या सुमारास मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेची जागा पाहण्यासाठी हिंदुस्थानात आणले गेले. त्याने कौल दिला तो बंगळूरला, आणि तिचा पहिला संचालक नेमला गेला तो हाच ट्रॅव्हर्स.

आर्गॉन वजनाने पोटॅशियमपेक्षा जड असून आधी का बसतो, हे कोडे मात्र तसेच राहिले. असेच उलटे जोडपे टेल्युरियम व आयोडीन यांचे होते. मेंडेलीव्हने आयोडीन क्लोरीनच्या कुळात घातले ते बरोबर होते. टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला गेला आहे हे त्याचे कारण मात्र साफ खोटे होते. जागा बरोबर, सनद खोटी. खरी सनद हेन्री मोझली याने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने शोधून दिली: क्रम ठरतो तो वजनाने नव्हे, अणूच्या केंद्रातील विद्युत्भाराने, म्हणजे अणुक्रमांकाने. दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून मेला.

हेलियमच्या बिऱ्हाडाचा वाद मोझलीच्या निवाड्यानेही पुरता मिटला नाही. अणुक्रमांक २, म्हणजे इलेक्ट्रॉन दोन. इलेक्ट्रॉनांच्या मांडणीकडे पाहिले तर त्याने बेरिलियम-मॅग्नेशियमच्या डोक्यावर बसावे, आणि स्वभावाकडे पाहिले तर निऑनच्या. काही रसायनज्ञ अजूनही पहिल्या बाजूचे वकीलपत्र घेतात. छापील तक्त्यांत मात्र तो उजव्या टोकाला, सर्वांत वर असतो. आमच्या शाळेतील तक्ता कापडी होता, वरखाली लाकडी दांड्या लावलेला. वर्षानुवर्षे गुंडाळून-उलगडून त्याचा नेमका तोच कोपरा झिजला होता आणि दांडीला ठोकलेल्या चुकेशी फाटून गेला होता, त्यामुळे निऑनच्या वर नुसती भिंत दिसे. गुरुजी वेताची छडी त्या भिंतीवर टेकवीत आणि विजयदुर्गाची गोष्ट सांगायला लागत.